तापल्यावर सुटणारा क्लच

'यंत्रात दोष आढळला नाही. चालकाची हाताळणी तपासावी.'

ही दोन वाक्यं मी माझ्या हाताने लिहिली, खाली सही ठोकली आणि चहा प्यायला गेलो. चहा चांगला होता, तेही आठवतं. त्या दोन वाक्यांनी एका बाईच्या पोटावर पाय येणार होता, हे मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण माहीत करून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

खराडीतल्या एका आयटी पार्कमध्ये मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. लिफ्ट, पंप, जनरेटर, एसी, जे बिघडेल ते माझं. सगळं नीट चालू असेल तर मी आहे की नाही हेसुद्धा कुणाला कळत नाही. एक लिफ्ट पाच मिनिटं अडकली की माझं नाव सातव्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत पोचतं. त्यामुळे माझं डोकं कायम तापलेलं असतं. घरात म्हणतात की आधीपासूनच होतं, नोकरीने फक्त निमित्त दिलं. असेल.

आमच्या आवारात लॉन भरपूर. ते कापायला बसून चालवायचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. त्याच्या पोटाखाली पाती असतात. इंजिन चालू झालं म्हणून ती पाती फिरत नाहीत. डॅशबोर्डवरचं पिवळं बटण वर ओढलं की इंजिनखालच्या इलेक्ट्रिक क्लचला बॅटरीचा करंट मिळतो, त्याच्या आतली कॉइल लोहचुंबक होते, समोरची लोखंडी तबकडी खेचून धरते, आणि मग पट्टा फिरतो, पाती फिरतात. बटण खाली दाबलं की पकड सुटली. एवढंच. साधी गोष्ट आहे, आणि साध्या गोष्टींनीच मला आजवर तोंडघशी पाडलंय.

तर या ट्रॅक्टरवर त्या बाईंना मीच बसवलं होतं. त्या आमच्याकडे हेल्पर होत्या. वाघोलीच्या पलीकडच्या एका गावातून यायच्या आणि दिवसभर खुरपं घेऊन गवतातलं तण काढायच्या. एकदा माळ्यांचे मुकादम रजेवर होते, शेडसमोर पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला आणि ट्रॅक्टर आत अडकला. मी फोनवर कुणावर तरी ओरडत होतो. मागे वळून बघतो तर या बाईंनी ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घेऊन, भिंत आणि टँकर यांच्यामधून, वीतभर जागा ठेवून बाहेर काढलेला. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"कुठे शिकलात हो हे?"

"माहेरी मोठा चालवायचे की सायेब. ह्यो तर खेळण्यातला हाय."

मी ॲडमिन मॅनेजरांच्या मागे लागून त्यांना तीन महिने ट्रायलवर ऑपरेटर करून घेतलं. ट्रायल पास झाली तर ऑपरेटरचं पक्कं कार्ड. नाही झाली तर पुन्हा हेल्पर, आणि हेल्परांचं कंत्राट अकरा महिन्यांचं असतं. त्यांचं ट्रायल संपायच्याच महिन्यात संपत होतं. म्हणजे पास किंवा घरी. हे मला पूर्ण ठाऊक होतं. त्यांनाही.

आमच्याकडे एक अलिखित नियम आहे: जुन्या माणसांना सकाळची पाळी. सात ते साडेनऊ मुकादम आणि त्यांच्याबरोबरचे एक जुने माळी ट्रॅक्टर घेणार, दर्शनी लॉन कापणार. तिथे इमारतीची सावली असते, गवत बारीक असतं, येणारे-जाणारे बघत असतात. मग नाश्ता उरकायच्या आधीच ट्रॅक्टर पुढच्याच्या हवाली. पुढच्या म्हणजे बाई. त्यांच्या वाटणीला मागचं मैदान: उतार, दाट गवत, आणि डोक्यावर ऊन. ऑक्टोबरचा महिना. पावसाळ्याने गवत माजलेलं आणि वर पुण्याचं ते ऑक्टोबरचं चिडकं ऊन. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

दुसऱ्या महिन्यात बाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. "सायेब, तापला की सोडतो. पाती थांबत्यात. बटान वडलं तरी धरीत न्हाई."

मी त्या दिवशी मोकळा झालो तो चारच्या सुमाराला. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता, दोन तास सावलीत. चालू केला, बटण ओढलं, खटकन क्लच लागला, पाती फिरली. पाच मिनिटं फिरवला. काही नाही.

आठवड्याने पुन्हा तक्रार. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेलो, मुकादम सीटवर होते. झकास चालला होता. "आमच्या हातात तर कवाच सुटला न्हाई बघा," मुकादम म्हणाले, आणि बाजूच्या माळीबुवांनी मान हलवली. तिसऱ्या वेळी पुन्हा सकाळीच गेलो. वायर हलवून पाहिल्या, बॅटरी तपासली, फ्यूज काढून घातला. सगळं ठणठणीत.

बाई बाजूला उभ्या होत्या. "माझ्या टायमाला या की सायेब एकदा. साडेधाच्या फुडं."

"आणि माझी अकराची मीटिंग कोण घेणार? तुम्ही?"

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण नाही, मी पुढे म्हणालो, "ताई, मशिनला घड्याळ कळतं का?" मुकादम हसले. मला बरं वाटलं, आपण काहीतरी टोकदार बोललो म्हणून. पुण्यात वाढलेल्या माणसाला हा एक रोगच असतो. आणि मग ऑफिसात येऊन मी ती दोन वाक्यं लिहिली.

ट्रायल संपायचा शेवटचा दिवस शुक्रवार. सकाळी दहाला मॅनेजरांनी बोलावून माझ्यासमोर एक पाकीट सरकवलं.

"तुमच्या त्या बाईंचं पत्र. ट्रायल समाधानकारक नाही. तुमच्याच रिपोर्टवर काढलंय. पाचच्या आत देऊन टाका."

"मीच देऊ?"

"अहो, बसवलं कुणी? तुम्हीच ना?"

पाकीट खिशात घालून मी मागच्या मैदानाकडे निघालो. मीटिंगला दांडी मारली. खरं सांगायचं तर मीटिंगपेक्षा हे काम लवकर उरकून टाकावंसं वाटत होतं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'ताई, मी प्रयत्न केला.' खोटं. 'ताई, माझ्या हातात काही नाही.' तेही खोटं.

पावणेअकरा झाले असतील. बाई उतारावर मधोमध होत्या, गवत एका बाजूला सरळ पट्ट्याने कापलेलं. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी पात्यांचा आवाज खाली उतरत गेला आणि थांबला. इंजिन धडधडत होतं, पाती गप्प. त्यांनी बटण खाली केलं, वर ओढलं. काही नाही. पुन्हा. काही नाही.

माझ्याच डोळ्यांसमोर.

"उतरा. मी बसतो."

मी बसलो. बटण ओढलं. आतून बारीक 'टक' ऐकू आलं, पण पकड नाही. गती कमी करून ओढलं, वाढवून ओढलं. मलाही धरीना. म्हणजे तीन महिन्यांत पहिल्यांदा मी या यंत्राकडे बाईंच्या वेळेला बघत होतो, आणि बाई अक्षरशः जे सांगत होत्या तेच होत होतं. लाज वाटली म्हणणं कमी आहे. कानशिलं तापली.

पण सुटका एवढी सोपी नव्हती. आवाज थांबलेला ऐकून मुकादम आणि माळीबुवा येऊन उभे राहिले होते. मुकादमांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जाळला बाईनं क्लच."

मी मॅनेजरांना फोन लावला, यंत्रातच बिघाड दिसतोय, पत्र थांबवा म्हणून. ते म्हणाले, "थांबा, मी सर्व्हिसवाल्याला लाइनवर घेतो." त्या सर्व्हिसवाल्याने फोनवरूनच निदान केलं: इंजिन फुल ठेवून सारखं बटण ओढलं की कॉइल जळते, ऑपरेटर नवीन असला की होतंच, नवीन क्लच मागवा.

"ऐकलंत?" मॅनेजर म्हणाले. "आता तर नुकसानही केलंय त्यांनी. पत्र पाचला."

"तपासू तर द्या."

"तपासा की. तीनदा तपासलंय ना तुम्ही?"

बाई ऐकत होत्या. फोन स्पीकरवर होता. ती माझी आणखी एक अक्कल.

म्हणजे प्रश्न आता एकच होता. कॉइल जळलीय की नाही. जळली असेल तर दोष बाईंच्या माथी, आणि माझा कुठलाही रिपोर्ट त्यांना वाचवू शकणार नव्हता. जळली नसेल तर दुसरं काहीतरी कारण, आणि ते मला शोधायचं होतं, आणि ते यंत्र गरम आहे तोवरच शोधायचं होतं. थंड झालं की ते पुन्हा शहाण्यासारखं चालणार आणि मी पुन्हा वेड्यासारखा उभा राहणार. हातात फार तर वीस मिनिटं होती.

मल्टिमीटर माझ्या बॅगेत असतोच. मी मुकादमांना ट्रॅक्टरचं पुढचं चाक विटेवर चढवायला लावलं, इंजिन बंद केलं आणि सरळ खाली गवतात आडवा झालो. सीटवर माणूस नसेल तर क्लचला करंटच जात नाही, तशी सोय असते. म्हणून मी ओरडलो, "ताई, सीटवर बसा, चावी ऑन करा, बटण ओढून ठेवा!" आणि हात पात्यांच्या वर, क्लचच्या वायरीकडे घातला.

"थांबा सायेब! हात काढा भाईर!"

मी दचकून हात काढला. बाई सीटवर बसल्याच नव्हत्या. त्या पुढे गेल्या, बॉनेट उचललं, स्पार्क प्लगची कॅप उपटली आणि वायर बाजूला खोचून ठेवली. मग येऊन बसल्या. "आता घाला. आता कुणी चावी पिळली तरी सुरू व्हायचा न्हाई."

हे मी करायला हवं होतं. आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा, हे मी पोरांना शिकवतो. घाईत विसरलो होतो. जिची हाताळणी तपासावी असं मी लिहिलं होतं, तिने माझी बोटं जागेवर ठेवली. मुकादमांनीही पाहिलं.

क्लच इतका गरम होता की मनगटाला चटका बसला. वायरचा जोड शोधला, मीटरच्या सुया आत खुपसल्या. करंट येतोय का? जोडात दोष निघाला असता तर काय हवं होतं! गंजलेली पिन, ढिली वायर, पाच मिनिटांचं काम आणि कुणाचीच चूक नाही. मीटरने बारा पूर्णांक एक व्होल्ट दाखवलं. करंट व्यवस्थित पोचत होता. म्हणजे दोष क्लचच्या आत.

"काय आलं सायेब?"

"थांबा जरा," मी खेकसलो. खेकसायचं कारण भीती होती.

आमचे अब्बा भवानी पेठेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. माझं सगळं बालपण जळलेल्या मोटारींत गेलं. जळलेल्या कॉइलच्या वार्निशचा एक कडवट, घशात बसणारा वास असतो. अब्बा मीटर लावायच्या आधी नाक लावायचे. मी तोंड क्लचजवळ नेऊन वास घेतला. गरम ग्रीस, कापलेलं गवत, धूळ. कडवट काही नाही. पण नाकावर रिपोर्ट लिहिता येत नाही.

जोड सोडवला, मीटर ओहमवर, म्हणजे कॉइलचा रोध मोजायला, टाकला, सुया कॉइलच्या दोन पिनांवर धरल्या. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली. शून्याजवळ आला तर आतून जळून चिकटलेली. दोन्हींत बाई घरी. माझे हात घामाने निसटत होते आणि एक सुई सारखी पिनवरून घसरत होती. डिस्प्लेवर आकडे नाचत होते. मी कोपर जमिनीला टेकवून सुई दाबून धरली.

तीन पूर्णांक चार. स्थिर.

मी पुन्हा धरून पाहिलं. तीन पूर्णांक चार. या क्लचच्या पुस्तकात थंड कॉइलला तीनच्या जरा आत सांगितलेलं असतं. तापली की वाढणारच. कॉइल जिवंत होती. "जळलेली नाही!" मी खालूनच ओरडलो. "जळलेली नाहीये हो!"

नंतर माळीबुवांनी सांगितलं, बाईंनी बटणावरचा हात काढलाच नव्हता, नुसती मान खाली घातली होती.

करंट आहे, कॉइल आहे, मग पकड का नाही? इथे मात्र मला उत्तर माहीत होतं, आणि ते आवडणारं नव्हतं. कॉइल तापली की तिची ओढ कमी होते. समोरची तबकडी जवळ असेल तर कमी ओढीनेही चिकटते. लांब गेली असेल तर थंड कॉइल तिला खेचते, गरम कॉइलला ते जमत नाही. आणि तबकडी लांब जाते ती झिजून. क्लचला बाजूने तीन छोट्या खिडक्या असतात, त्यांतून फट मोजायची.

फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या जनरेटर रूममधून आणवल्या. पुस्तकाप्रमाणे फट पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या मधे हवी. मी अर्ध्या मिलिमीटरची पट्टी सरकवली. ती आत ढिली हलली. त्यापेक्षा जाडही ढिली. शेवटी पाऊण मिलिमीटरच्या वरची पट्टी जेमतेम अडकली. दुसरी खिडकी तशीच. तिसरी तशीच.

मी गवतात पडून राहिलो. मला सगळं एकदम दिसलं. सकाळी मुकादम थंड यंत्रावर बसायचे, ते धरायचं. अडीच तास चालून तापलेलं यंत्र ते बाईंच्या हवाली करायचे. पुढे दाट गवत, ऊन, तासाभरात कॉइल दमायची. आणि मी जायचो ते सकाळी किंवा चारला. बाई पहिल्या तक्रारीपासून म्हणत होत्या, तापला की सोडतो. याहून सोपं, याहून अचूक निदान मी कुणा इंजिनिअरकडूनही ऐकलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. ही फट दर वर्षी तपासून, तीन नट आवळून जागेवर आणायची असते. वार्षिक सर्व्हिसिंगच्या यादीत ते काम आहे. यादी माझ्याकडे असते. तीन वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. यादीवर खूण मात्र दर वर्षी केली होती.

मी बाहेर आलो. बाई सीटवरच होत्या. "काय झालंय सायेब?"

"झीज झालीय. तुमचा काही संबंध नाही."

"मग कुणाचा?" मुकादमांनी विचारलं. साधाच प्रश्न होता त्यांचा.

"बघू," मी म्हणालो. खोटं का बोलू, त्या क्षणी मी ठरवत होतो की नट गुपचूप आवळून 'दुरुस्त केलं' एवढंच लिहायचं. बाईही वाचतील, मीही वाचेन. पण मॅनेजर मूर्ख नाहीत. दुरुस्त केलं तर बिघडलं कशाने, हे विचारणार. आणि कारण न देता नुसतं दुरुस्त म्हटलं तर जाळण्याचा संशय बाईंवरच राहणार.

तीन नट थोडे थोडे, पाळीपाळीने आवळले. मापाची पट्टी प्रत्येक खिडकीत किंचित घासून जाईल इतकी फट ठेवली. घाम डोळ्यांत उतरत होता, मान अवघडली होती. साडेबारा वाजता मॅनेजर स्वतः मैदानात आले. पायात चकचकीत बूट, गवतात जपून पाऊल टाकत.

"झालं?"

"झालंय. पण आता थंड आहे. तापल्यावर चाललं तरच झालं म्हणायचं."

"किती वेळ?"

"दीड तास. उन्हात. उतारावर. आणि चालवणार त्याच."

मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि मधे सुटला तर?"

"सुटला तर पत्र माझ्या खिशात आहे," मी म्हणालो.

बाईंनी प्लगची कॅप बसवली, सीटवर बसल्या, चालू केलं, गती कमी ठेवून बटण ओढलं. खट. पाती फिरली. त्यांनी सावकाश गती वाढवली आणि निघाल्या. असं बटण ओढणारी बाई क्लच जाळेल म्हणे! पण मी त्यांना बटण ओढताना त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

तो दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी उतारावर त्यांच्या मागे मागे चालत होतो. लोक म्हणतात जीव टांगणीला लागला. माझा कानाला लागला होता. पात्यांच्या आवाजात बारीकसा फरक झाला तरी माझं पाऊल थांबायचं. एक वाजला. सव्वा. दूर कॅन्टीनसमोर मुकादम डबा न उघडता उभे होते. दीड वाजता कोपऱ्यातल्या गुडघाभर गवतात ट्रॅक्टर शिरला आणि पात्यांचा आवाज एकदम खोल गेला. मी "या अल्ला" म्हणालो, मोठ्याने. बाईंनी वेग कमी केला, दोन फूट मागे घेतलं, पुन्हा हळूच पुढे. आवाज चढला. गवत बाजूला उडालं. त्या पुढे गेल्या.

दोन वाजता त्या शेडशी येऊन थांबल्या. मी बॉनेटला हात लावला आणि लगेच काढून घेतला, भाजत होतं. "बंद करा बटण. पुन्हा ओढा." खट. "पुन्हा." खट. "पुन्हा." खट. दहा वेळा ओढायला लावलं. दहाही वेळा धरलं.

मग मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो, पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि नवा रिपोर्ट लिहून दिला. त्यांनी वाचला. 'क्लचची फट झीज होऊन वाढली. वार्षिक तपासणी तीन वर्षे झालेली नाही. चालकाने दोषाचे वर्णन अचूक केले होते.'

"तपासणी झालेली नाही? यादीवर तर टिक आहे."

"टिक माझी आहे. तपासणी केली नव्हती."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. "हे मला वर पाठवावं लागेल, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

मला मेमो मिळाला, त्या वर्षीची पगारवाढ गेली. त्याबद्दल इथे रडत बसणार नाही. पत्र त्यांनी फाडलं आणि पाचच्या आत बाईंचं ऑपरेटरचं कार्ड सही होऊन आलं. एवढं मात्र मी उभं राहून करून घेतलं.

कार्ड द्यायला मी शेडमध्ये गेलो. बाई ट्रॅक्टरचा पत्रा पुसत होत्या. मुकादम निघताना त्यांच्यापाशी थांबून म्हणाले होते की सोमवारपासून सकाळची पाळी आळीपाळीने घेऊ. त्याला त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, पदराला पुसलेल्या बोटांनी नाव चाचपलं.

"ताई, चुकलो मी," मी म्हणालो. मला असलं बोलायची सवय नाही, त्यामुळे ते जरा जोरातच आलं. "तुम्ही बरोबर सांगत होतात. मी ऐकलं नाही. आणि वर ते लिहिलं."

"ऱ्हाऊ द्या सायेब. झालं न्हवं आता."

"नाही, राहू कसं देऊ?"

त्या फडकं झटकत जरा थांबल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"तुमास्नी म्हणून सांगते. पैलं मला पक्कं म्हायती व्हतं, मशीनच सोडतंय. पर तुमी शिकल्याली मानसं. तुमी लिवलं म्हणल्यावर मला बी वाटाया लागलं, माज्याच हातात खोट आसंल." त्यांनी कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं. "माजी पोरगी सायकल शिकतीया. मागनं धर म्हणली, तर म्या धरली न्हाई. म्हणलं, माजा हात सुटंल."

त्या फडकं खिळ्याला अडकवून बस गाठायला निघाल्या.